ट्यूबांची पिशवी घेऊनच या

वाचकांचे प्रश्न, स्किनच्या डॉक्टरांची उत्तरं

थंडीची चाहूल लागली की ह्या सदराला येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. सोयाबीनची रास झालेली असते, हवा कोरडी पडते, आणि सगळा मराठवाडा खाजवायला लागतो. ह्या वेळची तीन पत्रं मुद्दाम निवडलीत कारण तिघंही स्किनच्या डॉक्टरकडं जायच्या बेतात आहेत, आणि शेवटी एक छोटा प्रश्न आहे जो सगळ्यांच्याच कामाचा.

प्रश्न: डॉक्टरताई नमस्कार, औसा तालुक्यातून लिहितेय. माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. वर्षाचा होता तेव्हा गालावर यायचं, आता कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या मागं येतं, थंडीत तर लईच. रात्रभर खाजवतो, सकाळी चादरीला रक्ताचे डाग असतात. मेडिकलमधून ट्यूब आणून लावली की चार दिवसांत साफ, बंद केली की दुप्पट. सासूबाईंनी वांगं, दही, अंडी, शेंगदाणे सगळं बंद करून टाकलंय. आता लातूरला स्किनच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय, १२ दिवसांनी जायचंय. मागच्या वेळी एका दवाखान्यात तीन तास बसलो आणि आत दोन मिनिटं, त्यांनी काय विचारलं नि मी काय सांगितलं काही आठवत नाही. ह्या वेळी काय तयारी करून जाऊ? माझे पण हात भांड्याच्या साबणानं फाटतात, त्याचं तिथंच विचारलं तर चालेल का?

उत्तर: ताई, पत्रावरून तर हे इसब, म्हणजे एक्झिमा वाटतंय, पक्कं तपासल्यावरच कळेल. दोन मिनिटांत बाहेर काढतात ही तक्रार मी टेबलाच्या ह्या बाजूला बसून रोज ऐकते आणि ती खोटी नाहीये. पण त्या दोन मिनिटांतलं दीड मिनिट कशात जातं ते सांगते. मी विचारते, आधी काय लावलं? ट्यूब. कुठली ट्यूब? पांढरी होती बगा, निळी पट्टी असलेली. नाव? ते मेडिकलवाल्याला माहिती. मग पेशंटचा नवरा मेडिकलवाल्याला फोन लावतो, तो उचलत नाही, मग गावाकडं पुतण्याला फोन, पुतण्या फ्रिजवर बघतो, देवळीत बघतो, तिथं नुसतं टोपण सापडतं. तोवर बाहेर कंपाउंडर पुढचं नाव पुकारतो. पांढऱ्या ट्यूबवर निळी पट्टी असलेली निदान पन्नास तरी मलमं बाजारात असतील.

म्हणून तुमच्या तयारीतलं पहिलं काम म्हणजे एक कापडी पिशवी दाराच्या खुंटीला आजच अडकवा, आणि लेकराच्या अंगाला आजवर जे जे लागलंय ते सगळं तिच्यात टाका. पिळून संपलेली ट्यूब, फक्त खोका, जावेनं तिच्या मुलाची दिलेली, आयुर्वेदिक तेलाची बाटली, पावडरची पुडी, अंगाचा साबण, कपड्याच्या पावडरीचं पाकीट, सगळं. जुन्या चिठ्ठ्या चुरगळल्या असतील तरी चालतील. लाजायचं नाही की डॉक्टर रागावतील, ती पिशवी टेबलावर ओतली की मला तुमच्या घराची पाच वर्षं दिसतात.

त्यात मी सगळ्यात आधी शोधते ते स्टेरॉइड. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही असेल तर ते स्टेरॉइड, आणि आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या कितीतरी मिक्स ट्यूबांमध्ये ते बुरशीच्या आणि जंतूंच्या औषधासोबत एकत्र कालवलेलं असतं, म्हणजे दुकानदाराला निदान करायची गरजच नाही, तिन्हीपैकी काहीतरी लागू पडेल. २०१८ साली सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय मिळू नयेत म्हणून शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत टाकली, पण काउंटरवर जाऊन नुसतं खाजेचं द्या म्हटलं तरी काय मिळतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. चार दिवसांत साफ आणि बंद केलं की दुप्पट, ही तुमची ओळ वाचली तेव्हाच मला वास आला. आता ह्याचा अर्थ स्टेरॉइड विष आहे असा अजिबात घेऊ नका, कारण दुसरी मोठी भानगड तीच आहे, मी स्वतः लेकराला योग्य ताकदीचं स्टेरॉइड लिहून देते आणि आई इंटरनेटवर वाचून ट्यूब कपाटात ठेवते, लेकरू खाजवत राहतं. कुठल्या जागेला किती ताकदीचं आणि किती दिवस, सगळं त्यावर आहे. गालाला, काखेत, जांघेत चालतं ते आणि तळपायाला चालतं ते एक नसतं.

मग चालू ट्यूब आत्ता बंद करू का, हे तुम्ही विचारणारच. आधीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तर त्यांनी सांगितलं तसं चालू ठेवा. दुकानातून आणलेली मिक्स ट्यूब असेल तर जिथं नंबर लावलाय तिथं फोन करून विचारा, आणि काहीही उत्तर आलं तरी शेवटची कधी लावली ती तारीख लिहून ठेवा. स्टेरॉइडचं सिरप किंवा गोळी चालू असेल तर ती मनानं अचानक थांबवायची नाही, ते धोक्याचं असतं. आणि ह्या १२ दिवसांत नवीन काहीही सुरू करू नका, शेजारणीनं कितीही शपथेवर सांगितलं तरी. बिब्बा तर लांबच ठेवा, इसबाला बिब्ब्याचं तेल लावून कातडं भाजलेली माणसं दरवर्षी येतात, मूळ दुखणं बाजूलाच राहतं आणि मी भाजल्याचे उपचार करत बसते.

दुसरं, फोटो. तुम्ही ज्या दिवशी याल त्या दिवशी लेकराचं अंग हमखास गुळगुळीत असणार, हा इसबाचा स्वभावच आहे, पाहुणे आले की शहाण्यासारखं वागायचं. म्हणून जेव्हा सगळ्यात जास्त उठलंय तेव्हाचा फोटो काढून ठेवा, दारात उजेडात, फ्लॅश न मारता, एक लांबून म्हणजे अंगावर कुठं कुठं आहे ते कळेल आणि एक जवळून. फोनमधला चेहरा गोरा करणारा प्रकार बंद ठेवा. पण लेकराला घरी ठेवून नुसते फोटो घेऊन येऊ नका. हसू नका, शाळा बुडते म्हणून बापच तेवढा फोन घेऊन आलाय असं महिन्यातून एकदा तरी होतं.

तिसरं म्हणजे वही, आणि वही म्हटलं की लोक घाबरतात, पण शाळेच्या वहीचं एक पान पुरतं. रोज झोपताना एक ओळ. एका आईनं आणलेलं पान मला अजून आठवतं, त्यावर असं होतं: मंगळवार, खाज १० पैकी ७, रात्री २ ला उठला, लोकरी स्वेटर घातला होता. बुधवार, ४, झोपला. गुरुवार, ८, शेतात कडबा भरताना सोबत होता. शुक्रवार, ८, तापलेल्या पाण्यानं आजीनं न्हाऊ घातलं. बास, एवढंच. त्या चार ओळींवरून मला जे कळलं ते अर्धा तास प्रश्न विचारून कळलं नसतं, स्वेटर, धूळ, कढत पाणी. झोपेचं नक्की लिहा, कारण डॉक्टरला चट्टा दिसतो, रात्र दिसत नाही.

ह्याच पानाच्या मागं तीन गोष्टी टिपून ठेवा. घरात कुणाला दमा, सकाळी उठल्या उठल्या शिंका, लहानपणी इसब होतं का, कारण हे तिन्ही एकाच घरात फिरतात. लेकराचं वजन, कारण बरीच औषधं वजनावर ठरतात. आणि घरात अजून कोण खाजवतंय. हे शेवटचं फार महत्त्वाचं, सगळं घर रात्री खाजवत असेल, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीपाशी, तर ते इसब नसून खरूज असू शकते आणि तिचं औषध वेगळं, सगळ्या घराला एकाच रात्री लावायचं. तशीच गल्लत गजकर्णाची. गजकर्णाला स्टेरॉइड लागलं की ते रूप बदलतं, कडा पुसट होतात आणि इसबासारखंच दिसायला लागतं. मग डॉक्टर पात्याच्या कडेनं थोडा कोंडा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, दुखत नाही. फक्त त्या जागी बुरशीचं मलम लावलेलं असलं तर तपासणीत कधीकधी काही सापडत नाही, म्हणून तारखा लिहा म्हणते.

खाण्याचं काय करायचं ते सांगते, सासूबाईंना वाचून दाखवा पण हळू. ज्या लेकराला अन्नाची खरी ॲलर्जी असते त्याला ते खाल्ल्यावर बहुतेक काही मिनिटांत ते दोनेक तासांत गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. तसं कधी झालं असेल तर मोठ्या अक्षरात लिहा. तसं काही नसताना अंडी, दही, शेंगदाणे सगळंच बंद केलं तर इसब जात नाही, लेकरू तेवढं वाळतं. काय काय आणि कधीपासून बंद केलंय त्याची यादी आणा, आणि लॅबची दीडशे वस्तूंची ॲलर्जीची रक्ततपासणी मनानं करून येऊ नका, इसबाच्या मुलांत त्यात काही ना काही पॉझिटिव्ह येतंच, आणि पॉझिटिव्ह म्हणजे त्यानंच इसब होतंय असं नसतं. चार हजार घालवून आलेला कागद हातात असला की आईला कसं सांगू हेच मला कळत नाही.

नंबर लागेपर्यंत करायचं ते असं. अंघोळ रोज घाला पण कोमट पाण्यानं, पाच ते दहा मिनिटं, साबण फक्त जिथं मळतं तिथं, घासणी नाही, आणि दिवाळीचं उटणं ह्या वर्षी त्याच्यापुरतं राहू द्या. टॉवेलनं टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि अंग थोडं ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, पेट्रोलियम जेली किंवा साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर चोपडायचं. चोपडायचं म्हणते, बोटानं टिकली लावल्यासारखं नाही. सगळ्या अंगाला इसब असेल तर लेकराला आठवड्याला पाव किलो आणि त्याच्यावर लागतं. १०० ग्रॅमची डबी दोन महिने पुरली म्हणजे ते लावलंच नाही असं धरा. कंपनी कुठली हे मला विचारू नका, ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट असे चार प्रकार लावून बघितले, २०२२ साली निकाल आला, कुठलाच प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. लेकरू जे लावून घेतं आणि तुमच्या खिशाला परवडतं तेच चांगलं. खोबरेल चालतं. एक मात्र ध्यानात ठेवा, जेली मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात, चुलीजवळ आणि पणत्या-फटाक्यांजवळ त्या अंगानं लेकराला जाऊ देऊ नका.

बोअरच्या पाण्याचं तुम्ही विचारलं नाही पण बाकीच्या दहा पत्रांत तेच आहे. आपल्याकडचं पाणी जड आहे हे कुणाच्याही हीटरची कॉइल बघितली तरी कळतं, पांढरा थर. जड पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतं हे खरं, पण पाणी मऊ करणारं यंत्र बसवून इसब कमी होतं का हे ब्रिटनमध्येच ३३६ मुलांवर तपासलं होतं, २०११ मध्ये छापून आलं, काही जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणजे त्या यंत्राचे पैसे मॉइश्चरायझरला ठेवा. आणि ज्या लातूरनं २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीनं पाणी आणून प्यायलं तिथल्या बाईला मी पाणी बदला असं कुठल्या तोंडानं सांगू.

जायच्या दिवशी सकाळी त्याच्या अंगाला तेल, पावडर, मलम काही लावू नका, म्हणजे कातडी आहे तशी दिसेल. सैल, पटकन वर होणारे कपडे. सोबत बिस्किटाचा पुडा आणि पाणी, उपाशी लेकरू तपासून घेत नाही. आत गेल्यावर पिशवी, वहीचं पान आणि फोटो आधी पुढं करा आणि एका दमात एवढं सांगा: वर्षाचा असल्यापासून आहे, घड्यांत येतं, थंडीत वाढतं, रात्री झोपत नाही, ही ट्यूब लावली की जातं नि परत येतं. तुमच्या पत्रातल्याच ओळी आहेत ह्या, छान लिहिल्यात. मग तुमचे प्रश्न. हे नक्की काय आहे, कुठलं मलम कुठल्या जागेला, किती आणि किती दिवस, आणि परत आलं की पहिल्या दिवशी मी घरी काय करायचं. तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि खरी गरज त्याचीच असते, कारण इसब परत येतं, आयुष्यभराचं गेलं असं पहिल्याच भेटीत सांगणारा भेटला तर तिथून निघा. किती लावायचं ते तुमच्याच बोटावर दाखवायला सांगा. मोठ्या माणसाच्या बोटाच्या पहिल्या पेरावर टोकापासून घडीपर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

तुमच्या हातांचं तिथंच विचारा पण केसपेपर वेगळा काढून. जाता जाता दाराशी, डॉक्टर माझे पण जरा बघा, असं म्हटलं की उत्तरही दाराशीच मिळतं. हात कधी फाटतात, दिवसातून किती वेळा पाण्यात असतात, भांड्याची वडी कुठली, बांगड्या-अंगठीखाली जास्त आहे का, हे सांगा. सेन्सिटिव्ह स्किन हा शब्द आम्हाला फारसा काही सांगत नाही, काय लावल्यावर किती वेळानं काय होतं हे सांगितलं की कळतं. लगेच चुरचुरतं हे एक दुखणं, आणि दोन दिवसांनी पुरळ येऊन खाज सुटते हे वेगळं.

आणि ह्या १२ दिवसांत चट्ट्यातून पू आला, पिवळ्या खपल्या धरल्या, ताप आला, किंवा एकसारख्या बारीक फोडांचा दुखरा घोळका उठला, विशेषतः डोळ्यांपाशी, तर नंबराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात न्यायचं.

प्रश्न: जिंतूर तालुका. वय ४८, शेती. तीन वर्षांपासून पावसाळा संपत आला की तोंड, मान, डोळ्यांच्या पापण्या आणि कोपराच्या घड्या लाल होतात, जाड पडल्यात, उन्हात गेलं की आग होते. उन्हाची ॲलर्जी म्हणून गोळ्या खाल्ल्या. आता डॉक्टर पाठीवर पट्ट्या लावून टेस्ट करू म्हणतात. ती कशी असते, आणि काय तयारी लागते? रक्ताची करून भागणार नाही का?

उत्तर: भाऊ, बांधावर गाजरगवत किती आहे? तुम्ही त्याला काँग्रेस म्हणत असाल. तपासल्याशिवाय सांगत नाही, पण तुमचं वर्णन हुबेहूब त्याचंच आहे. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीला असाच एक शेतकरी मी तीन महिने ऊन-ऊन म्हणून चालवला, टोपी घाला, क्रीम लावा, आणि एकदाही शेतात काय उगवलंय हे विचारलं नाही. चौथ्या महिन्यात त्याच्या बायकोनंच सांगितलं की हे निंदायला गेले की दुसऱ्या दिवशी तोंड सुजतं. तेव्हापासून पहिला प्रश्न बांधाचा. हे गवत आपलं नव्हेच, १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं, परदेशी गव्हासोबत आलं असं म्हणतात, आणि आता त्याच्याशिवाय रस्त्याची कड दिसत नाही. ते हातानं उपटलंच पाहिजे असं नाही, वाळलेला चुरा हवेत उडतो आणि उघड्या अंगावर बसतो, म्हणून तोंड, मान आणि पापण्या.

रक्तानं भागणार नाही. ही ॲलर्जी कातडीतल्या पेशींची, उशिरा उठणारी, रक्तातल्या त्या तपासणीत ती दिसत नाही. पाठीवरच्या टेस्टला पॅच टेस्ट म्हणतात. छोट्या वाट्यांत वेगवेगळे पदार्थ, गाजरगवताचा अर्क, सिमेंटमधलं क्रोमेट, नकली दागिन्यांतलं निकेल, केसांच्या काळ्या रंगातलं रसायन, सुगंध, असं एकेक भरून पट्टी चिकटवतात. सुई नसते. ४८ तासांनी काढतात आणि बघतात, मग एक-दोन दिवसांनी परत बघतात, कारण काही जागा उशिरा लाल होतात. म्हणजे आठवड्यात तीन चकरा. शहरात पाहुणे असतील तर तिथंच राहा, दुसऱ्या तपासणीला न येणारे फार आणि मग सगळंच वाया.

पट्ट्या असताना पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम नाही, पोतं उचलायचं नाही, खाजवायचं नाही. म्हणून ही टेस्ट एप्रिल-मे मध्ये करू नका, आपल्याकडच्या उन्हात पट्टी पहिल्याच दुपारी निघून पडते. आत्ताचे दिवस बरे, पण हरभऱ्याची पेरणी उरकून तारीख घ्या. आधीचा आठवडाभर पाठीला स्टेरॉइडचं मलम नको आणि पाठ उन्हात भाजलेली नको. स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन मागच्या महिन्याभरात घेतलं असेल तर सांगाच, टेस्ट पुढं ढकलावी लागते. खाजेच्या साध्या गोळ्यांनी ह्या टेस्टला फरक पडत नाही, त्या बंद करायच्या असतात त्या हातावर टोचून करतात त्या टेस्टला, दोन्हींचा गोंधळ करू नका. सोबत फवारणीच्या औषधांच्या लेबलांचे फोटो, दाढीचा साबण आणि केसांना लावता तो डाय घेऊन जा. डाय कधीच लावत नसाल तर तेही सांगा. गवताचा पाला स्वतः पाठीला चोळून बघू नका, एकानं केलं होतं.

डॉक्टरांना एक आवर्जून विचारा. शेवंती, सूर्यफूल आणि करडई, सगळी गाजरगवताच्याच कुळातली, त्यामुळं एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्यानंही उठू शकतं, तर तुमच्या पिकांत आणि गौरी-गणपतीच्या हारांत काय सांभाळायचं. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर गवत कापायला फुलाआधी आणि दुसऱ्या कुणाला तरी लावा, ते जाळायचं नाही.

प्रश्न: मी छत्रपती संभाजीनगरला हॉस्टेलवर राहते, वय २०. मैत्रिणीनं सांगितलेली गोरेपणाची क्रीम ८ महिने लावली, आधी मस्त ग्लो आला. आता चेहरा सारखा लाल, पाणी लागलं तरी चुरचुरतं, बारीक पुळ्या, आणि एक दिवस नाही लावली की आग आग होते. तीन आठवड्यांनी ताईचं लग्न आहे. डॉक्टरकडं जाताना मेकअप चालेल का, आणि त्या काय देतील?

उत्तर: मेकअप नको गं. काजळसुद्धा नको, साध्या पाण्यानं तोंड धुऊन ये. क्रीम मात्र खोक्यासकट आण, बहुतेक त्यात स्टेरॉइड निघेल, आणि नाव नसलेली डबी असेल तर ती पण आण. कधी सुरू केली, दिवसातून किती वेळा, आणि पार्लरमध्ये ह्या आठ महिन्यांत काय काय केलं, ब्लीच, फेशियल, थ्रेडिंग, सगळं लिहून आण. सुरू करायच्या आधीचा एक फोटो आण, साधा, कॉलेजच्या आयकार्डवरचा पण चालेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे तिथं रडायला येणार नाही. ही क्रीम सोडली की चेहरा आधी आणखी बिघडतो, काही आठवडे, कधी महिने, आणि पुन्हा लावली की जादूसारखा शांत होतो, सगळ्या पोरी तिथंच परत अडकतात. डॉक्टर बहुतेक ती टप्प्याटप्प्यानं किंवा एकदम सोडायला लावतील, मधे दुसरं औषध देतील, साधा क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच. तीन आठवड्यांत लग्नासारखा चेहरा करून द्या असं म्हणू नकोस, लग्न आहे एवढं सांग, त्या तारखेचा विचार करून औषध आखता येतं. लग्नात हळद लागेल, मेहंदी लागेल. हळद गालावर नको म्हणावं, हाताला लावून घे. आणि काळी मेहंदी तर कुठंच नको, तिच्यात केसांच्या डायचंच रसायन असतं, हातावर नक्षीच्या आकाराचे फोड येऊन बसतात. हॉस्टेलच्या बजेटचं म्हणशील तर घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, स्किनची ओपीडी आहे. बाकी जिल्ह्यांतल्या वाचकांनाही सांगते, लातूर, अंबाजोगाई, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजला चौकशी करा. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, आणि मागचा केसपेपर हरवायचा नाही.

प्रश्न: डॉक्टरांनी तीन ट्यूबा दिल्या, दवाखान्यात सगळं समजल्यासारखं वाटलं, घरी आल्यावर कुठली कुठं लावायची तेच आठवेना. चिठ्ठी वाचता येत नाही. (परळी)

उत्तर: काउंटरवरून हलायच्या आधी मेडिकलवाल्याकडून मार्कर मागून घ्या. एकेका ट्यूबवर लिहून घ्या: तोंड, सकाळी. हात, रात्री, १० दिवस. हे मॉइश्चरायझर, कितीही वेळा. लिहिलेल्या ट्यूबा हातात घेऊन परत दवाखान्यात डोकवा आणि सिस्टरला दाखवा, बरोबर आहे ना, ती मान हलवेल नाहीतर एक शब्द खोडेल, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मॉइश्चरायझर आणि औषध लागोपाठ लावायचं असेल तर मधे किती वेळ सोडायचा ते तिलाच विचारा. चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवा. आणि ट्यूब संपली तर टाकून देऊ नका, त्या खुंटीवरच्या पिशवीत टाका.